एका खाचेचं भांडण

दाजी, लाल ठिपका नेमका कोणता तुमचा, एवढं सांगून गेला असतात तर काय बिघडलं असतं?

बोलावणं आलं की निघावं लागतं, हे मला कळतं. पण जन्मभर तुम्ही कुठंच वेळेवर पोचला नाहीत. कनेरगाव नाक्याच्या लग्नाला आपण गेलो, तेव्हा मंडळी जेवून हात धुऊन राहिली होती आणि नवरदेव फेटा काढून लिंबाखाली डुलक्या देत होता. असा तुमचा कारभार. आणि नेमकी इथंच तुम्हाला घाई सुटली. मला तर रागच आलाय तुमचा. रडून झालं, आता राग आलाय, आणि तो काढायला समोर तुम्ही नाहीत. म्हणून आज दुकानाचं शटर अर्धं ओढून, मशीनवर कापड टाकून हे लिहायला बसलोय. गिऱ्हाईक येऊन जाईल. येऊ दे.

तुमच्या मागं काय काय झालं ते सांगतो. मधे बोलू नका. तशी सोय आता माझ्याच बाजूची आहे.

तुम्ही गेलात तेव्हा जीप अंगणात उभी होती आणि तिचा शाफ्ट ओट्यावर पडला होता. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा तो लांब दांडा. तो नसला की इंजिन कितीही बोंबललं तरी मागची चाकं ढिम्म. दसऱ्याच्या तोंडावर तुम्ही तो काढलात, दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस नवे टाकलेत, आणि तेवढ्यात सोयाबीन काढायला आलं. "मळणी झाली की बसवू," म्हणालात. मळणी झाली, दाजी. पोती पण घरात आली.

तेराव्याला सगळे सोयरे ओट्यावर बसले होते. शाफ्टवर कुणीतरी सतरंजी टाकली होती आणि तुमचे चुलते त्याला लोडासारखं टेकून पान खाऊन राहिले होते. तिथं सुनीलनं विषय काढला. पोरगं वाईट नाही तुमचं. पुण्याला राहून आईची काळजी करतं, हे काही पाप नाही. म्हणाला, "आई, तू हितं शेतात, आखाड्यावर एकटी कशी ऱ्हाशील? गाव लांब, एसटी फाट्यावर. काही कमीजास्त झालं तर तुला दवाखान्यात कोण न्हेणार? चल माझ्याकडं."

अक्का म्हणाली, "अन् बकऱ्या?"

"विकून टाकू."

"अन् गाडी?"

"ती तर भंगारवाला बी घ्यायचा न्हाई."

तिथं चुकलं पोरगं. बकऱ्यांवर कदाचित ती गप्प बसली असती. पण गाडीला नावं ठेवली आणि माझ्या बहिणीनं पदर खोचला. "गाडीला काय झालंय? चांगली टकाटक चालते. मी चालवते. लायसन हाये माझ्याकडं." मी शाफ्टकडं बघितलं. चुलते त्यावर आणखी जरा रेलून बसले.

सुनील म्हणाला, "बरं. दिवाळी झाल्यावर रविवारी येतो मी. मला गाडीत बसवून सेनगावला न्हे. गाडी धड चालली तर ऱ्हा हितं, मी पुन्हा बोलणार न्हाई. न्हाई चालली, तर बकऱ्या इकायच्या अन् माझ्यासंगं निघायचं."

"ये," अक्का म्हणाली. "जेवायलाच ये."

मग आली भाऊबीज. मी दरसालप्रमाणे आखाड्यावर गेलो, पण यंदा ताट नव्हतं, निरांजन नव्हतं. तुमच्या दहाव्याला बायकांनी अक्काचा कुंकवाचा करंडा उचलून कपाटावर ठेवून दिला होता, आणि ती त्यांना काहीच बोलली नाही. माझी बहीण आणि काहीच बोलली नाही, म्हणजे बघा. शेजारपाजारच्यांनी मात्र आणून दिलेल्या फराळानं घर भरलं होतं. मी लाडू खाल्ला आणि विचारलं, "अक्का, ओवाळलं न्हाईस तरी ओवाळणी हाये तुझी. काय पायजे?"

"त्यो शाफ्ट बसवून दे."

"अक्का, मी टेलर हाये."

"मग? टेलरला हात नसतेत व्हय?"

सेनगावचा मिस्त्री दिवाळी करून सवडीनं येतो म्हणाला होता, आणि त्याची सवड आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मी शर्ट काढला, गोणपाट अंथरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या गाडीखाली शिरलो. तुम्ही असताना मला तिथं पाऊल टाकू दिलं होतं का कधी?

आता आपलं जुनं भांडण काढतो. काढणारच.

गाडी चाळीसच्या वर गेली की थरथरायची. सीटखालून असा काही थरकाप उठायचा की मागं बांधलेल्या बकऱ्यासुद्धा एकमेकींची तोंडं बघायच्या. स्पीडचा काटा तर कधीचाच मेला होता. चाळीस झाले हे तुम्ही अक्काच्या बांगड्यांवरून ओळखायचात. तिच्या बांगड्या किणकिणायला लागल्या की तुम्ही पाय उचलायचात. म्हणून तर आपण जन्मभर पस्तिसनं हिंडलो आणि जन्मभर उष्ट्या पत्रावळ्या बघत आलो.

मी म्हणायचो, दोष गाडीत आहे. तुम्ही म्हणायचात, रस्त्यात. मग औंढ्याचा रस्ता नवाकोरा डांबरी झाला. त्याच्यावरही थरथर. तेव्हा काय म्हणालात? "नवा हाये ना. अजून बसला न्हाई." नाचता येईना अंगण वाकडं, हे मी तुम्हाला तिथंच तोंडावर म्हणालो, श्रावणी सोमवारी, नागनाथाच्या दारात. तुम्ही माझ्या तोंडात पेढा कोंबलात आणि म्हणालात, "तोंड उघडू नको टेलर, पेढा सांडल."

माझं म्हणणं एवढंच होतं. तुमचा शाफ्ट अखंड नाही, दोन तुकड्यांचा आहे. एक तुकडा दुसऱ्यात सरकून बसतो आणि आत खाचा असतात. एक खाच इकडंतिकडं झाली तरी तो बसतो, फक्त दोन टोकं एका रेषेत राहत नाहीत. शर्टाची बाही अशीच. खांद्याच्या मुंढ्यात बोटभर फिरून बसली तरी शिवून होते, घडी घातली तर दिसत पण नाही. अंगात घातली की मग ओढायला लागते. मी तुम्हाला किती वेळा म्हणालो, "दाजी, तुमच्या गाडीची बाही फिरलीय." आणि तुम्ही दर वेळी तोच शर्ट दाखवायचात. दुकान टाकल्यावर मी पहिला शिवलेला. उजवी बाही फिरलेला. "आधी ही सरळ कर, मग गाडीची सांग."

तो शर्ट तुम्ही विरेपर्यंत घातलात, दाजी. अक्का म्हणायची पोतेरं करा त्याचं, तर म्हणायचात, "न्हाई, ही बाही हात वर करायला बरी पडते." तेव्हा मला वाटायचं तुम्ही मला चिडवायला घालता. चिडवायला घालत होतातच. पण सेनगावच्या बाजारात चारचौघांत "हा माझ्या मेव्हण्यानं शिवला" म्हणून पाठ फिरवून दाखवायचात, तेही खरं. माझी पहिली चार गिऱ्हाइकं तुमच्या त्या वाकड्या बाहीनं आणली. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. आपल्यात असं बोलायची पद्धत कुठं होती?

असो. मुद्दा ठिपक्याचा.

पहिल्यांदा शाफ्ट घरी काढलात तो खूण न करताच काढलात आणि अंदाजानं बसवलात. बसवल्यावर शहाणपण सुचलं, की पुढच्या खेपेला चुकायला नको, खूण पाहिजे. रंगाचा डबा वाळून दगड झाला होता. मग तसेच ग्रीसच्या हातानं घरात गेलात, अक्काचा करंडा उचललात, तेलात कुंकू कालवलंत आणि दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर एकेक ठिपका देऊन मोकळे झालात. अक्का किंचाळली, "अवो, माझं कुकू गाडीखाली?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "गाडी काय परकी हाये व्हय?" करंड्याच्या झाकणावर तुमचा काळा अंगठा उमटला तो उमटलाच. अक्कानं राख लावली, चिंच लावली, निघाला नाही. वर्षानुवर्षं ती त्या अंगठ्यावर बोट ठेवून झाकण उघडायची आणि तुम्हाला शिव्या द्यायची.

तेव्हापासून तो शाफ्ट कितीदा निघाला, कितीदा बसला. दर खेपेला ठिपक्याला ठिपका. मी म्हणायचो, दाजी, बसवायच्या आधी एकदा बघू द्या. "खूण हाये ना? मग बघायचं काय त्यात?"

आणि मग ही यंदाची खंडेनवमी. विळे, कुऱ्हाड, जॅक, पाने, सगळं धुऊनपुसून ओट्यावर मांडलेलं. शाफ्ट तिथंच होता, मग अक्कानं त्यालाही पुजला. तिचा हात सढळ, तुम्हाला ठाऊक. विळ्याला पाच ठिपके, तर एवढ्या लांब शाफ्टला पाचात काय भागतंय? दोन्ही तुकड्यांना गोल फिरवून फिरवून लावले. नैवेद्याचा गूळ ठेवला, तो चाटायला बांडी बकरी आली आणि तिनं निम्मे ठिपके फासून टाकले. तुम्ही शेतातून आलात, बघितलंत आणि डोक्याला हात लावून उभे राहिलात. "अगं, माझी खूण!"

"पूजेच्या कुकवाला नाव ठिवू नका," अक्का म्हणाली.

मी जेवायला आलो होतो. हसून हसून खाली बसलो. म्हणालो, "आता सांगा दाजी, ह्यातला तुमचा कोणता?" तुम्ही मिशीवरून हात फिरवलात. "मला ठाऊक हाये. बसवायच्या दिवशी दाखवीन." हेच तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. हसत बोललात म्हणून बरं वाटतं, नाही असं नाही.

तर भाऊबीजेच्या दिवशी मी आणि अक्का ओट्यावर शाफ्ट मधे घेऊन बसलो. मी म्हणालो, ठिपके सोड, फरशीवर ठेवून बघू, टोकं सरळ आहेत का. अक्का ऐकेना. "काही गरज न्हाई. त्यांनी बसवला तसाच बसला पायजे." ती एकेक ठिपका निरखून बघत होती. मग तिनं एकावर बोट टेकवलं. "ह्यो त्यांचा. मी करंगळीशेजारच्या बोटानं लावते, माझे गोल येतेत. त्यांनी अंगठ्यानं लावलेला, ह्यो बघ, लांबट हाये." दुसऱ्या तुकड्यावरचाही तसाच शोधला. तुम्ही गेलात, पण तुमची बाजू मांडायला घरात वकील ठेवून गेलात.

बसवला मग. कसा बसवला ते विचारू नका. चाकांना दगड लावले, खाली सरकलो, एक टोक धरलं तर दुसरं निसटायचं. तो दांडा छातीवर घेऊन पडलो तेव्हा कळलं तुम्ही गाडीखाली एवढ्या शिव्या कुणाला द्यायचात. अक्का बाहेरून पाने देत होती. "बारा-तेराचा दे" म्हटलं की बराबर तोच हातात. मी विचारलं तुला कसं कळतं, तर म्हणाली, "तुझा दाजी काय एकटाच गाडी दुरुस्त करत होता व्हय?" बांडी बकरी माझ्या पायाचे तळवे चाटत होती. बोल्ट आवळला, हात निसटला, कोपर फुटलं. पण बसला.

अक्का चाक धरून बसली, मी शेजारी. निघायच्या आधी ती थांबली. "चाळीस झाले ते कसं कळावं?" आम्ही दोघांनी तिच्या हातांकडं बघितलं. मोकळे होते. तीच म्हणाली, "नट-बोल्टाचा डबा घे मांडीवर. वाजंल की." मी पत्र्याचा डबा घेतला.

फाटा ओलांडला, सरळ रस्ता लागला, अक्कानं टॉप गिअर टाकला. आणि सीटखालून उठली की हो ती थरथर! तीच! डबा खडखडायला लागला, माझे दात वाजायला लागले. अक्कानं भर रस्त्यात ब्रेक मारला आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसू. "सापडला! गंगाधरा, त्यांचाच ठिपका हाये त्यो! तीच थरथर हाये बघ!" गाडी थरथरली म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, मीही खूश झालो. वाटलं मागं वळून बघितलं तर तुम्ही बकऱ्यांमधे पाय पसरून बसलेले असाल आणि म्हणाल, रस्ता खराब हाये.

मग तिनं गाडी वळवली. गाडी अंगणात लावली आणि चाकावर हात ठेवून तशीच बसून राहिली. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. रविवारी सुनील ह्याच सीटवर बसणार होता. ही थरथर ऐकून त्यानं बकऱ्यांचा व्यापारीच बोलावला असता.

"काढ," अक्का म्हणाली.

"काय?"

"शाफ्ट काढ. तुझी बाही बसव."

"अक्का, दाजींना काय वाटंल?"

"त्यांचं मी बघते. मी पुण्याला गेले अन् गाडी भंगारात गेली, म्हंजी काय त्यांना लई बरं वाटंल?"

काढला परत. ह्या खेपेला ओट्याच्या शहाबादी फरशीवर आडवा ठेवला. दाजी, एका टोकाचे क्रॉस धरणारे दोन्ही कान फरशीला चिकटून बसले आणि दुसऱ्या टोकाचा एक कान वर उचललेला. लांबून दिसत होतं. अक्का खाली वाकली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "आगं बाई! येवढं ढळढळीत?" दोन तुकडे वेगळे केले, एक खाच फिरवून परत सरकवले. दोन्ही टोकं फरशीवर सपाट. एक खाच, दाजी! आपण गमावलेली सगळी जेवणं एका खाचेपायी. पहिल्या दिवशी चुकलात, ती चूक खूण करून जपलीत, आणि दर खेपेला मोठ्या निगुतीनं ठिपक्याला ठिपका लावून ती पुन्हा जागच्या जागी बसवलीत. मी हसायला लागलो. अक्काला आधी राग आला, मग तीही हसली. हसता हसता म्हणाली, "त्यांना म्हणू नको काही."

म्हणू नको म्हणाली, म्हणून लिहून राहिलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवला, पुन्हा निघालो. मी डबा मांडीवर धरून, कान लावून बसलेला. सरळ रस्ता आला. काहीच नाही.

"दाब ना," मी म्हणालो.

"दाबूनच ऱ्हायले."

"मग काहून वाजंना?"

"मला काय इचारतो? चाळीस होतच नसंल."

आम्ही दोघंही इतकी वर्षं थरथरीवर चाळीस मोजत आलेलो. थरथर नाही म्हणजे चाळीस नाही, एवढंच आमचं गणित. इंजिन थकलं, आता गाडी पळतच नाही, असं ठरवून आम्ही तोंडं पाडून घरी आलो आणि शेजाऱ्यांचा मऊ पडलेला चिवडा खात बसलो. अक्का बांड्या बकरीच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला तिच्याकडं बघवेना. मनात म्हणालो, दाजी, तुम्हीच जिंकलात बहुतेक.

रविवारी सुनील आला. जेवला, ओटा बघितला, ओट्यावर शाफ्ट नव्हता, तो असल्याचंही त्याला कधी ठाऊक नव्हतं. पुढच्या सीटवर बसला आणि मोबाईल काढून समोर धरला. मी मागं, डबा घेऊन. अक्कानं मनातल्या मनात नागनाथाला हात जोडले असतील, मी तर उघड जोडले.

फाटा गेला. सरळ रस्ता आला. अक्का जीव खाऊन दाबत होती, निदान चाळीसला तरी पोचावी म्हणून. डबा माझ्या मांडीवर मुका. आणि सुनीलनं वरची दांडी पकडली. अक्का चालवायची तेव्हा तुम्ही पकडायचात तशीच, दोन्ही हातांनी.

"आई, हळू!"

"हळूच हाये."

"आई, पंचावन्न! ब्रेक! आई, ब्रेक मार!"

"कशाचे पंचावन्न?"

"स्पीड! हितं मोबाईलवर दिसतंय की!"

अक्कानं पाय उचलला. आरशातून माझ्याकडं बघितलं, मी डब्याकडं. "मोबाईलचं काही खरं नसतं," ती म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते आणि ओठ दाबून धरूनही हसू फुटत होतं. मला वाटलं उठून नाचावं. छत ठेंगणं पडलं, नाहीतर नाचलोच असतो.

सेनगावला चहा घेताना सुनील म्हणाला, "मामा, पप्पा चालवायचे तेव्हा ही गाडी चाळणीगत हलायची. आता तर पाण्यावरून चालल्यासारखी चालती. कुणी दुरुस्त केली?"

मी कॉलर सरळ केली. तोंड उघडणार, एवढ्यात अक्का म्हणाली, "तुझ्या बापानं. जाता जाता नवे क्रॉस टाकून गेले."

चहा नाकात गेला माझ्या. अक्का माझी पाठ थोपटत सुनीलला म्हणाली, "मामाला खोकला झालाय." असा न्याय, दाजी. कोपर माझं फुटलं, तळवे माझे चाटले गेले, नाव तुमचं. तुम्ही जिवंत असतात तर मी तिथंच भर हॉटेलात शाफ्ट काढून दाखवला असता. पण पोराचा चेहरा बघितला आणि गप्प बसलो. बापानं जाता जाता आईची सोय करून ठेवली, हे ऐकून तो जरा वेळ दुसरीकडं बघत राहिला होता. मग म्हणाला, "ऱ्हा मग आई. पण रोज फोन करायचा. अन् एवढ्या जोरात चालवायची न्हाई." हिंगोलीच्या गाडीत बसेपर्यंत हे त्यानं तीनदा बजावलं.

परत येताना अक्का पस्तिसनंच आली.

अंगणात गाडी लावली आणि म्हणाली, "गंगाधरा, खूण करून ठेव. पुढं कवा काढावा लागला तर घोळ नको. आधी माझे ते सगळे ठिपके पूस."

मी डिझेलचा बोळा घेऊन गाडीखाली शिरलो. पुसत आलो. तुमचा लांबट राहिला, तेव्हा हात थांबला. वरून आवाज आला, "त्यांचा पुसू नको. असू दे. आपला शेजारी लावू." मग मी रंगाचा डबा मागितला, आणि तो अजून तसाच वाळलेला आहे हे आठवून मीच हसलो. अक्का घरात गेली. कपाटापाशी स्टूल सरकवल्याचा आवाज आला. ती आली तेव्हा तिच्या हातात करंडा होता. झाकणावर तुमचा काळा अंगठा तसाच.

"सरक," म्हणाली, आणि माझी बहीण ह्या वयात गोणपाटावर आडवी होऊन गाडीखाली आली. तेलात बोट बुडवलं, कुंकवात टेकवलं, आणि तुमच्या ठिपक्याच्या शेजारी, एक खाच सोडून, तिचा गोल ठिपका लावला. त्याच्या बरोबर समोर दुसऱ्या तुकड्यावर लावला. मग वळून माझ्या ग्रीसनं माखलेल्या कपाळाला लावला. "भाऊबीजेचं ऱ्हायलं होतं," म्हणाली. बोटाला थोडं उरलं होतं. ती त्या बोटाकडं बघत राहिली. लहानपणापासून बघतोय, देवाला लावून उरलेलं कुंकू ती नेहमी स्वतःच्या कपाळाला पुसायची. आताही पुसलं.

मी नुसता बघत राहिलो.

"काय बघतो?" ती म्हणाली. "जा, सांग तुझ्या दाजीला."

सांगितलं, दाजी.